मोहोळ खाणारा पक्षी आणि आमचे दाजी

एका शिकारी पक्ष्यानं मला फसवलं आणि आमच्या दाजींनी त्याला फसवू दिलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गोंधळ व्हायला नको. माझा स्वतःचा गोंधळ अजून मिटलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

मी मोसंबीचा व्यापारी. पैठण गेटपाशी हातगाडी लावायचो तेव्हापासून दाजी माझ्यासोबत आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मी ओरडून गिऱ्हाईक बोलवायचो आणि ते तराजू धरायचे, कारण तराजू माझ्या हातात असला की भांडण ठरलेलं. पुढं मोंढ्यात गाळा झाला आणि मी बागा उक्त्या घ्यायला लागलो. फळ झाडावर असतानाच अख्ख्या बागेचा एकच सौदा करायचा, आणि मग तोडणी होईपर्यंत बाग आपल्या राखणीत. राखणीला दाजीच जायचे. बजाजनगरचं पंख्याखालचं घर सोडून ते बागेतल्या खोपीत राहायचे आणि कधी कुरकुर करायचे नाहीत. घरच्या जावयाला राखणीला बसवतोस म्हणून अक्का मला बोलायची. दाजी म्हणायचे, "बसू दे गं, इथं गारवा तरी हाय."

सौद्याची माझी एक रीत आहे. भाव ठरला, हात मिळाला, चहा आला, की मी शेवटी एक वस्तू वर मागतो. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा माझ्या, नाहीतर कडब्याची एक गाडी माझी. फुकट. समोरचा दमलेला असतो, तो हो म्हणतो. ह्या वरच्या वस्तूशिवाय मी आजवर एकाही बागेतून उठलेलो नाही. लोक हसतात. हसू द्या.

गेल्या उन्हाळ्यात पैठणच्या बाजूला एक बाग घेतली. मृग बहार होता, माल देखणा. सौदा झाल्यावर वर काय मागावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं तर विहिरीवरच्या वडाला आग्या मोहोळ लोंबत होतं. सुपापेक्षा मोठं, काळंभोर, आणि अंगावरून लाट गेल्यासारखं मधूनच हलणारं. वरच्या अंगाला, फांदीला चिकटून, मधाचा जाडजूड गड्डा असतो. आमच्याकडं त्याला कांदा म्हणतात. त्याच्याखाली पातळ पोळं, त्यात अंडी आणि अळ्या. मला नुसता अंदाजानं कांदा कळतो. मी मालकाला म्हणालो, "मोहोळ आमचं." तो म्हणाला, "घ्या की शेठ, आमच्यात कोण चढतंय." अक्काला त्या वर्षी नात झाली होती आणि तिनं माझ्याकडं खात्रीचा मध मागितला होता. मी तिला तिथूनच फोन करून सांगितलं, "बाटली घासून ठेव."

आठवडा गेला असेल. दाजींचा फोन आला.

"भाऊ, वडावर एक पाखरू यायलंय. घारीएवढं हाय, पण डोकं कबुतराचं."

"कबुतराचं डोकं घारीला कुणी बसवलं?"

"म्या नाय बसवलं. पांढरं पोट हाय त्याचं. मोहोळाकडं बघत बसतंय नुसतं."

मी विसरून गेलो. मोंढ्यात माल उतरत होता. दुसऱ्या फोनला दाजी म्हणाले की पाखरानं मोहोळाला झडप घातली, माशा उठल्या, आणि मग ते परत येऊन पोळ्याचा तुकडा तोडून शेजारच्या कडुलिंबावर बसून खात होतं. मी विचारलं, "तेच पांढरं?" ते म्हणाले, "नाय, आजचं काळं होतं. पार चॉकलेटी काळं." पुढच्या फोनला पक्षी तांबूस झाला आणि त्याच्या पोटावर आडवे पट्टे आले.

माझा धंदा असा आहे की माणूस काय बोलतो ह्याकडं मी कमी लक्ष देतो. तो काल काय बोलला होता ते मी लक्षात ठेवतो. बागवाला सकाळी म्हणाला विहिरीचं पाणी, दुपारी म्हणाला कॅनॉलचं, आणि संध्याकाळी टँकरचं, की मी चप्पल घालतो. मालाचं वर्णन बदललं म्हणजे मालात खोट आहे. ह्या एका नियमावर मी हातगाडीवरून गाळ्यात आलो. मग दाजींच्या पक्ष्याचं पोट दोनदा बदलल्यावर मी काय समजायचं होतं?

मी गाडी काढून बागेत गेलो. वडावर जुन्या पोतेऱ्यासारखं मोहोळाचं एक चिंधूक लोंबत होतं. माशा नव्हत्या. खाली मेणाचे चावलेले तुकडे पडले होते. आणि कांदा नव्हता. जिथं कांदा असतो तिथं पांढरट कोरडं मेण. दाजी खोपीतून बाहेर आले तर त्यांचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला.

"दाजी, हे काय?"

"माशी चावली."

"मोहोळ पाखरानं खाल्लं आणि माशी तुम्हाला चावली?"

"माशा उठल्या का त्या कुणाला इचारत नाहीत, भाऊ. त्या पाखराच्या तोंडाला लागत नव्हत्या. म्या विहिरीवर उभा हुतो."

"अन् कांदा?"

"कांदा कव्हा गेला ते म्या पाह्यलं नाय. सकाळी हुता थोडा. दुपारी तोडणीवाल्यांना पाणी द्यायला गेलो, आल्यावर नव्हता."

तोडणीच्या बाया झाडाखाली बसून भाकरी खात होत्या. त्या ऐकत होत्या हे मला दिसत होतं, पण माझा आवाज एकदा चढला की तो पायऱ्या मोजत नाही. मी म्हणालो, "गोष्ट तरी नीट रचायची, दाजी. पांढरा, काळा, पट्ट्यांचा. उद्या हिरवा येईल. मध पाहिजे होता तर मागायचा, मी तुमच्याच घरी पाठवणार होतो." एक बाई फस्सकन हसली.

दाजींनी खोपीत जाऊन पिशवी भरली. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "येतो, शेठ." इतक्या वर्षांत त्यांनी मला शेठ म्हटलं नव्हतं. बांधावरून ते रस्त्याला लागले आणि एसटीला हात करून निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही. आपल्यात खोट निघाली तर माणूस भांडतो, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. ते भांडलेच नाहीत. ह्याचा अर्थ काय लावायचा हे मला तेव्हाही कळलं नाही.

श्रावणात राखी आली ती पाकिटातून. बजाजनगर माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि अक्कानं राखी पोस्टानं पाठवली. भाऊबीजेला ताट मांडून बायको वाट पाहत बसली, आणि शेवटी तिनं ते उचललं. मला म्हणाली, "मधासाठी?" मी म्हणालो, "मधाचा प्रश्न नाही." मग कशाचा आहे, असं तिनं विचारलं नाही, आणि बरं झालं.

थंडीत एक दिवस मी सकाळी गच्चीवर गेलो होतो. आमच्या शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला मोहोळ लागलं होतं, ते काढायला माणूस बोलवायचा की नाही ह्यावर त्यांच्यात भांडणं चालू होती. टाकीच्या कठड्यावर एक पक्षी बसला होता. घारीएवढा, मान लांब, आणि डोकं एवढंसं. कबुतराचं. पोट पांढरं.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

तो कितीतरी वेळ नुसता बसला. घार कशी सारखी मान फिरवते, तसं काही नाही. एखादा माणूस मोंढ्यात भाव ऐकत कोपऱ्यात उभा असतो तसा बसला होता. दोन कावळे येऊन त्याच्या शेपटाला चोच मारून गेले, तरी हलला नाही. मग एकदम उडाला, मोहोळाला पंखाचा धक्का देऊन पुढं निघून गेला, आणि माशांचा ढग त्याच्या मागं लागला. मी जिन्यात पळालो. दाराच्या फटीतून पाहिलं तर तो वळसा घालून परत आलेला. पायानं पोळ्याचा तुकडा धरला, ओढून तोडला आणि कडुलिंबावर जाऊन बसला. माशा तोंडावर बसत होत्या. तो मान झटकायचा आणि खायचा. तुकडा पायाखाली दाबून एकेक घरातली अळी तो बायका शेंगा सोलतात तशी निगुतीनं काढत होता. मध खाली ठिबकत होता, त्याकडं त्याचं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसलो. आधी पांढराच आला, त्याचा फोटो काढला. मग जो आला तो काळा होता. चॉकलेटी काळा. वागणूक सगळी तीच.

मला वाटलं मी आजारी पडलो.

आमच्या मजल्यावर कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम राहतात. सुट्टी आली की दुर्बीण घेऊन जायकवाडीला पक्षी बघायला जातात. त्यांना दोन्ही फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "मधुबाज. दोन्ही."

"दोन्ही कसे? हा पांढरा, हा काळा."

"ह्यांचे रंग असेच असतात, काका. फिकट, गडद, तांबूस, पट्ट्यांचे. एकासारखा दुसरा सहसा नसतो. नर-मादीचे डोळेसुद्धा वेगळे."

"म्हणजे तीन वेगळे माल तुम्ही एकाच नावानं विकताय."

त्या हसल्या. "विकत नाहीये हो, सांगतेय. आता थंडीत बाहेरूनही येतात, काही इथलेच असतात. एका मोहोळावर आज हा, उद्या तो, असं होतं. कधी तिघं-चौघं एकत्र."

मग त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. चेहऱ्यावरची पिसं माशाच्या खवल्यांसारखी दाट आणि कडक, म्हणून डंख लागत नाहीत. नखं घारीसारखी वळलेली नाहीत, कारण हा पक्षी जमिनीवर चालतो आणि बांधातली गांधीलमाश्यांची घरं कोंबडीसारखी उकरतो. उंदीर, सरडा मिळाला तर खातो, पण त्याचा जीव पोळ्यात. घरट्यात हिरवी पानं आणून अंथरतो म्हणे. मला हे सगळं पटत होतं आणि पटत नव्हतं. शिकारी पक्ष्यानं शिकाऱ्यासारखं वागावं, कोंबडीसारखं का वागावं?

"आणि मध?" मी विचारलं. "मधाचा कांदा कोण नेतं?"

"तो थोडाफार खातो. मुख्य खाणं अळ्यांचं. मोहोळ मोडलं की माशाच कधीकधी उरलेला मध पोटात भरून दुसरीकडं जातात."

"कधीकधी म्हणजे? इथं नेला की नाही?"

"ते मी इथं बसून कसं सांगू, काका?"

हे असं. पक्षी खरा निघाला आणि कांदा तसाच राहिला.

मी मोसंबीची एक क्रेट घेऊन बजाजनगरला गेलो. दाजींनी दार उघडलं. "या शेठ," म्हणाले. चहा झाला. नात रांगत जाऊन दारातला माझा बूट चाटायला लागली, तिला अक्कानं उचललं. मी फोन काढून फोटो पुढं केले. दाजींनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि बोटानं काळा पक्षी दाखवून म्हणाले, "ह्येच. व्हय. ह्येच."

"आमच्या मजल्यावरच्या मॅडम म्हणाल्या दोन्ही एकच आहेत."

"आस्सं. मॅडम म्हणल्या का." त्यांनी चष्मा काढला. "म्या म्हणलो तव्हा हिरवा येणार हुता."

अक्का हसली. माझीही मान खाली गेली आणि मीही थोडा हसलो. बायकोचं म्हणणं आहे की मी त्या क्षणी उठून यायला पाहिजे होतं. पण माझी जन्माची सवय. हात मिळाला, चहा झाला, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "एवढंच राहिलं दाजी, त्या कांद्याचं काय झालं?"

दाजींनी कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेले. अक्का म्हणाली, "क्रेट घेऊन जा." मी नेली नाही. मी विचारलं ह्यात काय वावगं होतं, हे मला आजही कुणी समजावून सांगावं. अर्धी गोष्ट सुटली आणि अर्धी नाही सुटली, तर उरलेल्या अर्धीवर बोलायचं नाही का? त्यांनी नुसतं "मला माहीत नाही" म्हटलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. खरंतर ते त्यांनी वडाखाली म्हटलं होतं. पण तेव्हा मी ऐकायच्या बेतात नव्हतो.

ह्या वर्षी तीच बाग परत घेतली. भाव चढा होता तरी घेतली. त्याच वडाला, त्याच फांदीला मोहोळ परत लागलेलं. मी वर ते मागितलं तर मालक आता शहाणा झालेला. म्हणाला, "अर्धा मध आमचा शेठ. मागच्या बारीला तुम्ही गपचूप नेला." मी हो म्हटलं. राखणीला दुसरं कुणी ठेवलं नाही. मोंढ्यातलं काम मुलावर टाकून मीच खोपीत राहिलो.

राखण म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. दिवसभर बोलायला माणूस नाही. वानरं हाकलायची, पाण्याची पाळी बघायची, आणि तापलेल्या पत्र्याखाली पडून राहायचं. दाजी ह्याला गारवा म्हणायचे. पक्षी येईल म्हणून मी वडाकडं तोंड करून खाट टाकली होती. आधी एक तांबूस आला, पट्ट्यांचा. बांधावर उतरून चालत फिरला, काहीतरी उकरलं, मग विहिरीच्या कठड्यावर बसून पाणी प्याला. त्याचा पिवळा डोळा माझ्यावर होता. मला त्याचा राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. नंतर एक शीळ ऐकू आली, बारीक आणि लांब, आणि पांढरा येऊन वरच्या फांदीवर बसला. दोघं भांडले नाहीत. पाळी लावल्यासारखा एकानं धक्का दिला आणि दुसऱ्यानं तुकडा तोडला. मी तोंडावर टॉवेल घेऊन उभा होतो तरी डाव्या पापणीला माशी लागलीच.

संध्याकाळपर्यंत खालचं पोळं संपलं. कांदा मात्र जागेवर होता, मी बॅटरी टाकून खात्री केली. सकाळीही होता, आणि त्याच्यावर माशा बसलेल्या. मग ट्रक आला. माल काट्यावर चढवायला मी बागेच्या त्या टोकाला गेलो. काट्यावर मी नसलो तर काय होतं हे मला माहीत आहे, त्यामुळे जाणं भाग होतं. परत आलो तर फांदीला पांढरट कोरडं मेण.

पक्षी नव्हता. माशा नव्हत्या. माणूस कुणी आलेला नव्हता, निदान मला दिसला नव्हता. मी वडाला दोन फेऱ्या मारल्या. खाली बोट लावून पाहिलं, माती चिकट होती, पण तेवढी नाही. मॅडम म्हणतात तसं माशांनी नेला म्हणावं, तर माझ्या पाठीमागंच का नेला? पक्ष्यानं नेला म्हणावं, तर तो मधाकडं बघत नाही हे मी स्वतः पाहिलंय. तोडणीवाल्यांनी नेला म्हणावं, तर ते सगळे माझ्यासोबत ट्रकपाशी होते.

दुपारी मालक मोटारसायकलवर आला, रिकामी बरणी घेऊन.

"काय शेठ, मध कसा निघाला?"

"निघाला नाही. पक्ष्यांनी मोहोळ खाल्लं."

"पाखरानं?" त्यानं माझ्या सुजलेल्या पापणीकडं पाहिलं. "अन् माशी तुम्हाला चावली व्हय?"

तो हसला. वाईट हसला नाही, धंद्यातल्या माणसासारखा हसला. मी रंग सांगायला तोंड उघडलं, एक तांबूस होता, एक पांढरा होता, आणि तिथंच थांबलो. बरणी मोटारसायकलला लटकवून तो निघून गेला. पुढच्या वर्षी ही बाग मला मिळेल असं वाटत नाही.

मी तिथूनच बजाजनगरला फोन लावला. अक्कानं उचलला. "ते इथंच बसलेत," ती म्हणाली, "ऐकतेत." मी सगळं सांगितलं, काट्यावर गेल्याचंही सांगितलं. मी म्हणालो, "दाजी, तुमच्या राखणीत गेला तसाच माझ्या राखणीत गेला. आता कोण कुणाला विचारणार?" नात कुठंतरी मागं खुळखुळा आपटत होती.

फोन ठेवला, पण मी हे असं सोडणार नाही. तो कांदा दोन उन्हाळे त्याच फांदीवरून जातो आणि नेणारा कोण ते कळत नाही, हे मला चालणार नाही. माशांनी नेला असेल तर माशांनी सांगावं. वडाला अजून एक पोळं धरतंय, तोडणी संपायला अवकाश आहे, खोपीत दुसरी खाट रिकामी आहे. ह्या बागेत आजवर दोनच माणसांनी राखण केली. एकाला माहीत नाही, तो मी. आता दुसऱ्यानं इथं यावं, माझ्याशेजारी वडाकडं तोंड करून बसावं, एकजण काट्यावर गेला तर दुसऱ्यानं डोळा हलवू नये, आणि मग मला जाब द्यावा. फोनवर नाही. इथं येऊन. दाजी, मी विचारतोय.